रक्ताच्या बशीतलं कडं

निरूचा घसा दुखायला लागला तो सोमवार. वार नक्की आठवतो, कारण त्या दिवसापासून मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं रोज एक टिंब काढत होते. नववं टिंब पुढच्या मंगळवारी येत होतं.

मुदत रतिलाल डॉक्टरांनी सांगितली. "घसा सुजवणारे जंतू पुष्कळ असतात. त्यातला एकच वाईट. तो असला आणि नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं, तर पुढचं टळतं. नाही तर शंभरातल्या दोन-तीन पोरांचे सांधे धरतात आणि मग दुखणं हृदयाच्या झडपांकडे वळतं." माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "दोन-तीनच, बाई."

माझी थोरली बहीण शेवंताअक्का त्या दोन-तीनांतली होती. धरणगावच्या घरात माडीवर जाताना ती तिसऱ्या पायरीवर बसून दम खायची. एकोणिसाव्या वर्षी गेली. तिचा घसा कधी दुखला होता, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. म्हणून मी टिंबं काढत होते.

पेनिसिलिन देऊन मोकळं व्हावं, तर निरू दोन वर्षांची असताना जळगावला एका सुईनं तिचे ओठ सुजले होते, श्वास अडकला होता. आता ती सात वर्षांची, पण डॉक्टर पुन्हा ती सुई द्यायला तयार नव्हते. दुसरं एक औषध होतं. ते तेव्हा धुळ्यात मिळत नव्हतं, दहा दिवस द्यावं लागायचं आणि पोट पार बिघडवायचं.

"नुसत्या संशयावर ते मी लेकराला देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दहातले सात-आठ घसे सर्दीचेच निघतात. तुम्ही बी.एस्सी. झालेल्या, तुम्हाला काय सांगायचं? ज्ञानचंदकडे जा. त्याच्या तपासणीच्या बशीत जंतूंभोवती कडं आलं, तर त्याच दिवशी सुरू करू."

ज्ञानचंदभाऊंची लॅबोरेटरी म्हणजे चार नंबरच्या गल्लीतल्या त्यांच्या घराची पुढची खोली. घराणं मारवाडातून आलेलं, जैन, भाऊबंद सगळे कापडाच्या दुकानांत. हे एकटेच पुण्याला जाऊन रक्त-लघवी तपासायचं शिकून आले. चाळिशीचे, सडपातळ, शर्टाची डावी बाही कायम दुमडलेली. उंबऱ्याशी त्यांच्या आई सायरबाई मूग निवडत बसलेल्या असत आणि येणाऱ्या प्रत्येकाची पहिली चौकशी त्याच करत.

"काय झालं छोरीला?"

"घसा दुखतोय, आजी."

"बस मग. घशाचं काम लांबट असतं."

बुधवार होता तो. ज्ञानचंदभाऊंनी कापूस गुंडाळलेली काडी निरूच्या घशात आत नेऊन फिरवली. तिला ओकारी आली, थोडं त्यांच्या शर्टावर उडालं. "वा, म्हणजे पार आतलं मिळालं," ते म्हणाले आणि काडी नळीत ठेवून बशा ओतायला वळले. बशा ते ताज्याच ओतत.

मी बघत राहिले. बघत राहणं हा माझा स्वभावच आहे. आमचे हे म्हणतात, तू सिनेमा सोडून प्रेक्षकांकडे बघतेस. चंबूत समुद्री शेवाळाची जेली वितळवलेली होती. ज्ञानचंदभाऊंनी चंबू उजव्या गालाला लावला, झटक्यानं दूर केला, मग डाव्या गालाला लावून डोळे मिटून उभे राहिले.

"थर्मामीटर नाही का?" मी विचारलं.

"आहे. पण गाल लवकर सांगतो. गालाला सोसलं म्हणजे रक्ताला सोसतं. जास्त गरम असली जेली, तर रक्त शिजून चॉकलेटी होतं."

मग त्यांनी एका बाटलीतलं रक्त जेलीत ओतलं. काचेच्या मण्यांबरोबर हलवून हलवून ते न गोठलेलं ठेवलं होतं. जेलीचा रंग जास्वंदीसारखा झाला.

"हे रक्त कुणाचं?"

उत्तर उंबऱ्यातून आलं. "कुणाचं असणार? म्हाऱ्या ज्ञानूचं. अख्ख्या धुळ्याचे जंतू माझ्या पोराच्या रक्तावर जेवतात."

ज्ञानचंदभाऊ ओशाळे हसले. "पुस्तकात मेंढीचं सांगितलंय, वहिनी. पण खाटकाकडून आणणं मला जमत नाही. आणि जिवंत मेंढीला सुई टोचायची तर आईचं म्हणणं..."

"माणूस हो म्हणतो," सायरबाई मुगातून मान वर न करता म्हणाल्या. "मेंढी कुठं हो म्हणते?"

बारा वर्षं असंच चाललं होतं. महिन्यातून दोनदा, दहा-दहा सीसी, स्वतःच्या डाव्या हातातून उजव्या हातानं. बाही का दुमडलेली असते ते मला तेव्हा कळलं.

"पण या बशा तुम्ही नंतर उकळता ना?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "त्या जंतूंचं काय मग?"

"उकळतो. संध्याकाळी प्रतिक्रमणात त्यांची क्षमा मागतो." त्यांनी बशीवर झाकण ठेवलं. "मोठ्या मनाचे असावेत. रोज परत येतात."

जेली थिजल्यावर त्यांनी निरूच्या घशातली काडी बशीतल्या जेलीवर ओढली आणि आपण काय शोधतोय ते मला समजावलं. मी विज्ञानाची, हे कळल्यावर त्यांना चेव आल्यासारखा झाला होता. तो वाईट जंतू असला तर उद्या टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उठतील, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती तांबडं पुसून गेलेलं, काचेसारखं स्वच्छ कडं असेल. जंतू स्वतः तिथवर जात नाही. बसल्या जागी तो विष सोडतो. ते विष लाल पेशीला चिकटतं आणि तिच्या पापुद्र्याला भोक पाडतं. आत पाणी शिरतं, पेशी फुगते, फुटते, आणि तिचा सगळा रंग वाहून जातो.

"फक्त रक्ताच्याच पेशीला?"

"नाही," ते म्हणाले. "घशाच्या, हृदयाच्या, पापुद्रा असेल त्या बहुतेक सगळ्या. रक्ताची पेशी लाल असते म्हणून आपल्याला दिसतं, एवढंच."

मग त्यांनी एक तार घेऊन जेलीत दोन-तीन ठिकाणी खोल खुपसली. या जंतूची विषं दोन, ते म्हणाले. एक उघड्यावर चालतं. दुसऱ्याला हवा लागली की ते मुकं होतं, त्याला खाली कोंडूनच बोलतं करावं लागतं. बशा त्यांनी एका बरणीत ठेवल्या, आत मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं. ज्योत हळूहळू लहान होत विझली.

शुक्रवारी रिपोर्ट मिळाला: घशात नेहमी असतात तेच जंतू, कडं करणारा एकही नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, सर्दीच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा." टिंबं पाच झाली होती. निरूचा ताप उतरला होता, पण गिळताना ती अजून डोळे मिटत होती.

मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. शनिवारी सकाळी निरूसाठी दूध कोमट केलं, किती गरम ते बोटांना कळेना म्हणून पेला गालाला लावला, आणि तशीच उभी राहिले. ज्ञानचंदभाऊंनी चंबू उजव्या गालावरून झटकन काढला होता. तोच चंबू, त्याच क्षणी, डाव्या गालाला सोसला. मग जेली गरम नव्हती. गालच दुखत होता. ते बोलताना लवंगेचा वासही येत होता. दाढ. दाढ सुजली की डॉक्टर काय देतात?

मी पेला ठेवला, निरूला शेजारी सोडलं आणि चार नंबरच्या गल्लीत गेले.

"भाऊ, रागावू नका. तुमची दाढ दुखत होती का?"

"काढली ना. सोमवारी."

"मग सुई घेतली असेल."

ते कुणाचा तरी रिपोर्ट लिहीत होते. लिहिता लिहिता हात थांबला. त्यांनी टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.

"पेनिसिलिन," ते म्हणाले. "पाच दिवसांचं. बुधवारी सकाळी सुई घेतली आणि अकराच्या सुमाराला रक्त काढलं."

माझी चूक निघावी असं मला फार वाटत होतं. "पण बशीवर दुसरे जंतू तर आलेच होते."

"ते येणारच. ते दांडगे असतात. तुमचा तो वाईट, तेवढा नाजूक. पेनिसिलिनच्या थेंबाच्या थेंबानंही मरतो." ते स्टुलावर बसले. "दुसऱ्या कुणाचं रक्त असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते. काय खाल्लं, काय टोचलं, ताप कधी आला. बारा वर्षं बाटलीत बघून बघून ते माझं आहे हेच विसरलो."

मी बाही वर केली. "माझं घ्या. मी काहीही घेतलेलं नाही."

"नको, वहिनी. आज माझी दाढ निघाली, उद्या तुमचं आणखी काही निघेल. माणसाच्या रक्तात फार गोष्टी असतात. पुस्तक मेंढी म्हणतं ते उगाच नाही." मग उंबऱ्याकडे न बघता ते म्हणाले, "आई, ऐकलंस ना?"

सायरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "किती दिवस राहिले छोरीचे?"

"आज धरून चार," मी म्हटलं.

"तर मी येते बरोबर. मेंढी मी धरीन. तिला त्रास झाला तर तिथंच थांबवीन तुला, ज्ञानू."

मला वाटलं होतं, ज्ञानचंदभाऊ आता लगेच मेंढीच्या शोधाला लागतील. त्यांनी आधी रजिस्टर काढलं. त्या बाटलीतल्या रक्तावर निरूखेरीज आणखी दहा घसे तपासले होते. त्यांनी दहा नावं चिठ्ठीवर उतरवली आणि सायकल काढली. रविवारी घरी थांबा, मी पुन्हा काडी फिरवायला येतो, माझ्याकडून चूक झाली आहे, असं दहा दारांत सांगून आले. एका दारात त्यांना शिव्या बसल्या, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. रतिलाल डॉक्टरांना चिठ्ठी धाडली तिच्यात पहिली ओळ होती, 'दिलेला रिपोर्ट खोटा समजावा, दोष माझ्या रक्ताचा.'

रविवारी सकाळी आम्ही तिघं एसटीनं सोनगीरला गेलो. माझे यजमान लीलाधर जळगावला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, शनिवारी घरी यायचे. निरूजवळ ते थांबले. किल्ल्याच्या पलीकडे, कापूस वेचून झालेल्या एका रानात चिंधा नावाच्या मेंढपाळानं मेंढ्या बसवल्या होत्या. एवढी तीन पांढरपेशी माणसं ढेकळांतून येताना बघून तो उठून उभा राहिला.

"कापनार नही ना, भाऊ?"

"नाही, नाही. थोडं रक्त हवंय. चहाच्या कपाएवढंही नाही."

"रगत?" त्यानं सिरिंज बघितली. "ह्या सुईघाई? आमी ते कान चिरी देतस, पोट फुगनं का. तुमी सुईले भ्यातस?"

"भीत नाही," ज्ञानचंदभाऊ म्हणाले. पण स्वतःच्या हातात बारा वर्षं डोळे झाकून सुई घालणारा माणूस मेंढीच्या मानेवरची लोकर कापून शीर चाचपताना घामाघूम झाला होता. सायरबाई मातीत बसल्या, मेंढीचं तोंड त्यांनी मांडीवर घेतलं, पदराच्या गाठीतला गूळ तिला चाटवला आणि नवकार म्हणायला लागल्या. चिंधा तोंड फिरवून हसत होता. सुई गेली तेव्हा मेंढीनं एकदा कान हलवला. सिरिंज भरली. ज्ञानचंदभाऊंनी शिरेवर कापूस दाबून धरला, रक्त मण्यांच्या बाटलीत सोडलं, आणि मेंढी उठून गुळाचा उरलेला खडा शोधायला लागली.

"व्हयनं?" चिंधानं विचारलं. "इतलंच?"

इतलंच. पण सायरबाई उठेनात. ती मेंढी चरते का, पाणी पिते का, कळपात मिसळते का, हे बघितल्याशिवाय येणार नाही म्हणाल्या. बाटली हलवत ज्ञानचंदभाऊ त्यांच्याशेजारी उभे राहिले. घाई करा असं एकदाही म्हणाले नाहीत. साडेअकराची एसटी खालच्या रस्त्यावरून निघून गेली. मला ओरडावंसं वाटत होतं. पाऊण तासानं मेंढी डोणीवर जाऊन पाणी प्यायली. तेव्हा म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. "चला. छोरीचा वेळ जातोय," मलाच म्हणाली.

दुपारी ज्ञानचंदभाऊंनी नव्या बशा ओतल्या आणि सायकलवरून दहा घरांत जाऊन घशांच्या काड्या आणल्या. डॉक्टरांनी लीलाधरना औषधाचं नाव लिहून दिलं. ते संध्याकाळच्या गाडीनं जळगावला गेले, सोमवारी कडं आलं तर मी ऑफिसात फोन करायचा आणि त्यांनी औषध घेऊन निघायचं असं ठरलं. निरूच्या घशात पुन्हा काडी फिरली. ती काडी ज्ञानचंदभाऊंनी दोन बशांवर ओढली: एक मेंढीची, आणि एक बुधवारची, त्यांच्या स्वतःच्या रक्ताची, शिल्लक राहिलेली.

"तिच्यावर कशाला?" मी विचारलं.

"मला बघायचंय," ते म्हणाले.

सोमवारी मी निरूला घेऊनच गेले. आठवं टिंब मी घरातून निघतानाच काढलं होतं. ज्ञानचंदभाऊंनी दोन्ही बशा खिडकीच्या उजेडात धरल्या. त्यांच्या रक्ताच्या बशीवर राखाडी, ओबडधोबड ठिपके होते आणि बाकी सगळं लालच लाल. मेंढीच्या बशीत तेच राखाडी ठिपके होते, पण त्यांच्या मधूनमधून दवाच्या कणासारखे बारीक मणी उठले होते आणि प्रत्येकाभोवती कडं. इतकं स्वच्छ की त्यातून मला समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले पापड दिसले. जिथं तार खुपसली होती, तिथंही आत खोलवर रंग उडून गेला होता.

"आहे," ज्ञानचंदभाऊ म्हणाले.

पोस्टातून फोन लावून मी परत आले. औषध चारच्या एसटीनं येणार होतं, तोवर करण्यासारखं काही नव्हतं. ज्ञानचंदभाऊंनी कपाटातून एक पाकीट काढलं. पुण्यातल्या एका मित्रानं परदेशी मासिकातून उतरवून पाठवलेला फोटो होता, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं काढलेला. करड्या रंगाचं पटांगण आणि त्यावर शेकडो बारीक कडी. काही पूर्ण, काही अर्धवट, चंद्रकोरीसारखी. हवेत मुकं होणाऱ्या त्या दुसऱ्या विषाचं हे काम.

"विषाचा एकटा कण काहीच करू शकत नाही," ते सांगत होते. "तो पापुद्र्यातलं कोलेस्टेरॉल शोधतो आणि तिथं बसतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो. एकाला एक लागून कडं तयार होतं. आधीच कोलेस्टेरॉल खाऊ घातलं तर विष तिथंच गुंतून बसतं, पेशीला हातही लावत नाही."

"आणि मधे भोक."

"त्यावर अजून भांडण चालू आहे. कुणी म्हणतं आरपार भोक आहे, कुणी म्हणतं नुसता ठसा. मला विचाराल तर आरपार. नाही तर पेशी फुटेल कशी?"

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. आमच्याकडे गुलाबाईच्या सणाला मुली फेर धरतात. एकजण अंगणात येऊन उभी राहते, मग हात धरायला दुसरी येते, आणि फेर पुरा झाला की मधली जागा मोकळी होते. हे तसंच होतं, पण हातांशिवाय, डोळ्यांशिवाय, कुणी बोलावल्याशिवाय. चंद्रकोरी म्हणजे अजून कुणाची तरी वाट बघत असलेले फेर. इतकं गोल मला कंपासनंही कधी काढता आलं नव्हतं. माझ्याच मुलीच्या घशात हे चाललं होतं आणि मी ते डोळे भरून बघत होते. फोटो खाली ठेवताना मला स्वतःची लाज वाटली. मग पुन्हा उचलून बघितला.

"मला पण वाटते लाज," ज्ञानचंदभाऊ म्हणाले. मी काही बोलले नव्हते. "पण बघितल्याशिवाय राहवत नाही."

निरूला फोटोत रस नव्हता. ती बशीवर वाकली होती. "आई, हे माझे आहेत?"

"तुझे."

"सगळे? त्या राजूचे पण इतकेच आले का?"

राजू त्या दहांतला होता. त्याचे तिच्यापेक्षा जास्त आले होते, आणि शिरपूर रस्त्यावरच्या एका मुलीचेही. दोघांना त्याच दुपारी पेनिसिलिनची सुई बसली. त्यांना ती चालत होती. राजूचे जास्त आहेत हे मी निरूला सांगितलं नाही.

लीलाधर सव्वाचारला आले. साडेचारला निरूनं पहिली गोळी घेतली आणि पाचला ओकली. आम्ही दुसरी दिली, साखरेबरोबर. दहा दिवस हेच चाललं: गोळी, साखर, ओकारी, पुन्हा गोळी. एकही चुकू दिली नाही.

रतिलाल डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी बोलावलं. टेबलाच्या काचेखाली त्यांनी ज्ञानचंदभाऊंची ती चिठ्ठी ठेवली होती. "दोष माझ्या रक्ताचा म्हणे," ते म्हणाले. "मी तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. स्वतःहून असं लिहिणारा दुसरा बघितला नाही. आता त्याच्याकडे मालेगावहूनसुद्धा घसे पाठवतात. चिंधाची मेंढी महिन्यातून दोनदा गूळ खाते."

त्यांनी निरूचे गुडघे, घोटे, कोपरं दाबून बघितली. पाठीवर, छातीवर, काखेजवळ नळी लावून बराच वेळ ऐकलं. ती पाठ ताठ करून बसली होती. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"पुन्हा एकदा ऐकता का?"

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कानातली नळी काढली, माझ्या हातात दिली आणि तिचं दुसरं टोक निरूच्या छातीवर नेमक्या जागी धरून ठेवलं. "मधे फुंकर घातल्यासारखा आवाज येतोय का बघा. कान द्या नीट."

मी ऐकलं. दोन ठोके, मग शांतता. पुन्हा दोन ठोके. मधल्या शांततेत काही नव्हतं.

"काय म्हणतंय?" निरूनं विचारलं.

"दोनच शब्द. सारखे तेच."

"मग झालं ना? शाळा भरेल."

"थांब," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ ऐकत राहिले.